मधल्याला सोडून

दादाचा फोन आला तेव्हा मी सावली गावातल्या माझ्या दुकानात ब्लाऊज कापत होते. "मंदा गेली," एवढंच तो बोलला. माझी कात्री चालतच राहिली आणि गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं...

आम्ही तिघं भावंडं. दादा, मधली मंदाताई आणि मी शेंडेफळ. ताई नागभीडच्या कॉलेजात गणित शिकवायची आणि वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती. एखादी संख्या तुकडे करून ओळीनं मांडायची, पण त्यातले कुठलेही तुकडे उचलले तरी एक ठरावीक बेरीज होता कामा नये. अशा मांडण्या किती, हे तिला मोजायचं होतं. "यातून धान पिकते का?" मी विचारायची. "तुले नाई कळणार," ती म्हणायची, आणि माझं डोकं फिरायचं.

मग किडन्यांनी दगा दिला. चंद्रपूरला डायलिसिस सुरू झालं आणि त्याच सुमारास त्या प्रश्नावरचा तिचा लेख चूक दाखवून परत आला. तिनं मला सुपात चिंचोक्यांचे चार ढीग ओळीनं मांडून दाखवले. दोन, एक, तीन, चार. मिळून दहा, आणि पाच होऊ द्यायचे नाहीत. "शेजारशेजारचे मिळवून पाय." मी मिळवून पाहिलं, कुठंच पाच होईना. तिनं दोन आणि तीनच्या मधल्या एकट्या चिंचोक्यावर बोट ठेवलं. "आता याले सोड." दोन आणि तीन... पाच. सिद्धतेच्या एका पायरीत तिनं फक्त शेजारचेच तुकडे धरले होते. आमच्याकडे पंगतीत वाढताना कोणाला ओलांडलं की आईचा धपाटा बसायचा, आणि वाढायला कायम ताईच. "मधल्याले सोडाची सवयच नाई ना मले," ती हसली. डोळे मात्र भरले होते.

जायच्या आधी ती पायरी नीट करायची, एवढाच ध्यास उरला. सुया टोचून हात सुजलेला, लिहिता येईना, म्हणून चिंचोके सरकवत बसायची. "थोडा टाईम भेटाले पायजे होता," शेवटच्या भेटीत म्हणाली. नाही भेटला. लेख अर्धाच राहिला. देवावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

तेरवीला मीच वाढत होते. दादाच्या बाजूची ताईची जागा कोणी घेतली नव्हती. त्याला वाढलं आणि त्या रिकाम्या जागेपाशी पाय अडकले, ती ओलांडून पुढं जाववेना. "समोर चाल," दादा खाली मान घालून म्हणाला.

ते सूप अजून दादाच्या घरी तिच्या खाटेखाली आहे, दोन, एक, तीन, चार तसेच मांडलेले. तांदूळ पाखडायला मी तिथं नवं आणून दिलं. परवा तिथं गेले असताना झाडताना ते बाहेर ओढलं, मधला तो एकटा चिंचोका उचलला... आणि परत जागेवर ठेवला.