सुकलाल पाटलाच्या आखाज्या

सुकलाल पाटलाच्या घराण्यात आखाजीला मरायची रीत होती. आजोबा अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आंब्याच्या झाडावरून पडून गेले. वडील त्याच दिवशी आंब्याचा रस वाजवीपेक्षा जास्त पिऊन गेले. यात आंब्याला दोष द्यावा असं कोणाच्या डोक्यात आलं नाही; सगळ्यांनी मिळून तिथीला धरलं. त्यातून सुकलाल स्वतः जन्मला तोही आखाजीलाच. तळोद्याच्या एका जोशीबुवांनी हे सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि सांगितलं, "हा माणूस आखाजीलाच जाईल." कोणत्या वर्षी, ते काही बुवा बोलले नाहीत. जाणकार माणूस तपशिलात अडकत नाही.

ही हकिगत गोऱ्या सरकारच्या अमलातली, गोमाईच्या काठावरच्या आमच्या गावातली. सुकलाल तेव्हा चाळिशी ओलांडलेला, ज्वारीचं पोतं एका दमात गाडीत टाकणारा गडी. वर्षभर त्याला साधं पडसं होत नसे. चैत्र सरत आला की मात्र त्याचा चेहरा उतरे, आवाज खोल जाई. आखाजीच्या सकाळी आंघोळ करून, पितरांची घागर पुजून तो ओसरीवरच्या खाटेवर गोधडी पांघरून आडवा होई. वैशाखाच्या त्या उन्हात गोधडीनेच एखादा गेला असता, पण सुकलालची छाती दणकट होती.

पहिल्या वर्षी खरोखरच रडारड झाली. धाकटा भाऊ भटू याने बांबूसुद्धा तोडून आणले. दिवस मावळला, सुकलाल उठून बसला आणि त्याने जेवायला मागितलं. लोकांना आनंद झाला, म्हणजे बहुतेकांना. ते बांबू भटूने गोठ्याच्या छपराला लावले.

दुसऱ्या वर्षापासून त्याला जत्रेचं रूप आलं. पाहुणे सकाळीच येत, मरणाऱ्याच्या पायाशी डोळे पुसत आणि आत जाऊन रस-पुरणपोळी झोडत. "शेवटचं भेटून घेऊ" म्हणून काही जण सलग सात-आठ वर्षं आले. सुकलाल दर वर्षी तेच निरवानिरवीचं भाषण करी: भटूने बांध कोरू नये, बैलांना मारू नये, लेक छबूला अंतर देऊ नये. मधलं एखादं वाक्य तो विसरला तर पाहुणे आठवण करून देत.

या सगळ्यात मरण होत होतं ते त्याच्या बायकोचं. आखाजीला खानदेशातली लेक माहेरी जाते, झोक्यावर बसते, गौराईची गाणी म्हणते. धनुबाईचं माहेर तळोद्याच्या अलीकडेच होतं. तिची आई दर आखाजीला भावाला गाडी घेऊन पाठवी आणि गाडी रिकामी परत जाई. नवरा मरायला टेकलेला असताना झोके घेणारी बाई लोकांनी उभी चिरली असती. म्हणून धनुबाई पहाटेपासून खापरावर पोळ्या भाजी, आणि मधेच कोणी नवं माणूस आलं की पदराने हात पुसून रडायला बाहेर येई.

मग ती आखाजी आली. छबूबाई, त्यांची एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली होती. दुपारी सुकलाल बैलांच्या वाक्यापर्यंत पोचला होता, तेवढ्यात आतून छबूची किंकाळी आली. पाहुण्यांनी क्षणभर हात थांबवला आणि मग वाटी पुढे केली.

गावची सुईण आखाजी म्हणून माहेरी गेलेली. राहिली नदीपलीकडच्या गावातली भिकुबाई. तिला आणायला गाडी हवी. जुन्या सालदाराचं साल आखाजीला संपलं म्हणून तो सकाळीच घरी गेला होता, नवा उद्या येणार होता. धनुबाई धावत वडाखाली गेली. भटू पत्ते खेळत होता. "एवढा डाव होऊ दे, वहिनी," तो म्हणाला. त्या दिवशी पत्ते खेळणं हे धर्मकार्य असल्यामुळे बाकीचेही हलले नाहीत.

धनुबाई परत आली आणि तिने खाटेवरची गोधडी ओढून काढली.

"उठा. गाडी जुपा."

"मन्ही येळ भरी गयी, छबूनी माय," सुकलाल क्षीण आवाजात म्हणाला. "भटूले सांग."

"भटूना डाव रंगेल शे. पहिले गाडी जुपा, मंग मरानं दखसूत!"

मरणाचं मागून पाहू, हे ती अख्ख्या ओसरीसमोर बोलली. आतून छबू पुन्हा बापाच्या नावाने ओरडली, "दादा!" सुकलाल उठला. पाहुण्यांपैकी एकाने, "अहो, पण आज तुम्ही..." असं काहीतरी म्हटलं. ते ऐकायला सुकलाल थांबला नाही.

नदीवर वेगळीच लढाई चालली होती. आखाजीला दोन्ही काठांच्या बाया समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि शिव्या संपल्या की दगड-ढेकळं घेत. पलीकडच्या फळीत सगळ्यात पुढे होती भिकुबाई. सुकलालची गाडी पाण्यात उतरली तशा बाया ओरडल्या, "मरना नही का अजून, पाटील?" आणि एक दगड येऊन त्याच्या कपाळावर बसला.

रक्त डोळ्यात उतरलं. आजोबा, वडील, जोशीबुवा असे सगळे त्याला एकदम दिसले. पाण्याच्या मधोमध त्याने कासरा सोडून दिला आणि डोळे मिटले. पण मरण काही येईना, बैल मात्र पाणी पिऊ लागले. त्याला छबूची हाक आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. धोतराच्या सोग्याने कपाळ बांधून त्याने बैलांना हाकललं.

भिकुबाईने हातातला दगड खाली टाकला. "हाऊ तर आज मरनारा व्हता ना?"

"मरसू. पन आधी तू गाडीवर बठ. मन्ही छबू अडेल शे."

ती बसली. ती बसल्यावर दोन्ही काठांवरचे दगड थांबले, आणि शिव्या देणाऱ्या त्याच बायांनी चाक वाळूत रुतलं तेव्हा गाडीला हात लावला. दिवस कलताना छबूला मुलगी झाली. मरणाला आलेल्या पाहुण्यांना त्याच जेवणात बारसं मिळेल का, अशीही कोणीतरी चौकशी केली. जोशीबुवांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं, आखाजीला काहीतरी होईल."

पुढच्या आखाजीला सुकलालने स्वतः गाडी जुपली आणि धनुबाईला माहेरी पोचवलं. तिच्या आईला तोवर दिसेनासं झालं होतं. म्हातारीने लेकीचे हात चाचपले, बांगड्या चाचपल्या आणि विचारलं, "जावई गेले का गं?"

"नाही. बाहेर बैल सोडत आहेत."

म्हातारीला ते खरं वाटेना. सुकलालला आत येऊन खाकरून दाखवावं लागलं.

सुकलाल त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि एका भादव्यात, कपाशी निंदताना बांधावर पाणी प्यायला बसला तो उठलाच नाही. दिवस कोणता, हेही लोकांना नीट सांगता आलं नाही. पाहुणे नाराज झाले. ना निरोप, ना रस. भटू तर म्हणाला, "दादाने आम्हाला फसवलं."

धनुबाई त्या दिवशी रडली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बायांना ते खटकलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेली. बैलांनी माना वळवून तिच्यामागे पाहिलं, आणखी कोणी येतं का म्हणून. मग ती गव्हाणीला टेकून रडत बसली आणि सूर्य वर येईपर्यंत तिला कोणी उठवू शकलं नाही.