राजाचे शेवटचे शब्द

बाबा राजाच्या मकबऱ्यात गाईड आहेत. तिथले दुकानदार त्यांना 'रेडिओ' म्हणतात. घरी मात्र तोंडात मिठाची गुळणी. भाजी करपली तरी मुकाट जेवतील.

आई गेली तेव्हा मी दुसऱ्या शहरात नोकरीला होते. पोचायला उशीर झाला. शेवटी तिने माझी आठवण काढली का, एवढंच मला हवं होतं. तीन वर्षं खोदून खोदून विचारलं. बाबांचं ठरलेलं उत्तर, "झोपेतच गेली." पुढे ढिम्म.

परवा न कळवता आले तर दाराला कुलूप. म्हणून तडक मकबऱ्यात गेले. स्वतःच्या बापाला भेटायला तिकीट काढलं. आत तीसेक माणसं कबरीच्या कठड्याला रेलली होती आणि बाबांचा आवाज घुमटभर फिरत होता. हा माणूस आमच्याच घरात राहतो, यावर विश्वास बसेना. मी खांबाआड उभी राहिले.

"श्वास लागला होता," बाबा सांगत होते, "तरी राजाची नजर दाराकडे. सारखं विचारायचा, 'पोरगी निघाली का?' सेवक म्हणायचा, निघाली. मग राजा जरा हसला. म्हणाला, 'उपाशीपोटी येऊ नको म्हणावं. चार घास खाऊन निघ.' तेच शेवटचं."

दोघीतिघी डोळे पुसू लागल्या. राजाला मुलगी नव्हतीच. दोन मुलगे होते, तसं दारातल्या पाटीवरच लिहिलंय. आणि 'चार घास खाऊन निघ' हे मी घरी यायची असले की आई दर वेळी फोन ठेवताना म्हणायची.

लोक पांगले. बाबांनी मला पाहिलं.

"झोपेत गेली म्हणाला होतात," मी म्हटलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

"तासभर वाट बघितली तिने. तुला कुठल्या तोंडाने सांगू? जन्मभर खात राहिलं असतं तुला." मग हळूच म्हणाले, "पण मला कुठेतरी बोलायला हवं होतं ना गं."

आई गेली त्या दिवशी बाबांचा फोन आला तेव्हा ऑफिसात एका बाईंच्या निवृत्तीचं जेवण होतं. आईचं दुखणं नेहमीचंच, असं धरून मी तीनची गाडी जाऊ दिली. सगळ्यांबरोबर जेवायला बसले. गोड दोनदा वाढून घेतलं.

"बाबा," मी म्हटलं, "मी जेवूनच निघाले होते."