पेन्सिलीची ओळ

भाऊमामा गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. खालापूरजवळ कुंभिवलीच्या आमच्या कंपनीच्या गेटवर त्यांच्या शेजारच्या यमुनाबाई उभ्या होत्या. कशेळ्याहून जीप, पुढे एसटी, आणि मग हायवेवरच्या चार कंपन्यांच्या गेटवर माझं नाव विचारत त्या आल्या होत्या. "मामा गेलं गं तुजं... परवा. वहीतला नंबर लावला तर कोन दुसराच बोलतोय. कर्जतच्या घराला कुलूप. सांजपर्यंत थांबलो आमी. मग नाय थांबता आलं गं." त्यांच्या मुलानं अग्नी दिला होता. मामांना माझ्याशिवाय जवळचं कुणी नव्हतं, आणि मीच कुणाला सापडले नाही.

ती वही सगळ्या कशेळ्याला ठाऊक होती. घरी कुणीही आलं की निघताना मामा ती काढायचे. नाव, पत्ता, पिनकोड, फोन, शेजाऱ्याचं नाव. ऐकीव माहिती पेन्सिलीनं, विचारून खात्री केलेली शाईनं. गॅसवाला सुटला नाही की देवीचा भगत सुटला नाही. लोक हसायचे. मीसुद्धा. "मामा, जनगणना झाली का?" म्हणून मी त्यांना चिडवायचे.

वास्तविक मला हसायचा अधिकार नव्हता. मामा नेव्हीत रायटर होते, म्हणजे कारकून. लहानपणी मी विचारलं होतं, युद्धात तुम्ही काय केलंत? "मशीन चालवली," म्हणाले. "टाइपाची!" पुढे मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी उरलेलं सांगितलं. एकाहत्तरचं युद्ध तोंडावर होतं. प्रत्येक खलाशाच्या घरचा पत्ता नोंदवून ठेवणं हे मामांचं काम. घाटावरचा एक खलाशी त्यांना जिन्यात भेटला. आई आता तिच्या भावाच्या गावी राहते, पत्ता बदला, म्हणाला. मामांच्या हातात फायलींचा ढीग होता. उद्या लिवतो, म्हणाले. सकाळी त्याचं जहाज गेलं. तो परतला नाही... तार जुन्या गावी गेली. आईला कळायला वीस-बावीस दिवस लागले, आणि तोवर तिनं लेकासाठी लाडू पाठवले होते. ते पार्सल मामांच्याच टेबलावर आलं.

त्यानंतर मामा चढत गेले. पेटी ऑफिसर झाले, चीफ झाले, मास्टर चीफ होऊन निवृत्त झाले. त्यांच्या हाताखालच्या पोरांना पत्त्याची चूक माफ नव्हती. "बढती मिळाली की सायब हात मिळवायचं," मामा म्हणाले होते, "आन् मला ते लाडू दिसायचं." एवढं सांगून त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. वही मात्र सोडली नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी कर्जत सोडून खालापूरकडे राहायला आले, नंबर बदलला, आणि मामांना 'खालापूरकडे' एवढंच सांगितलं; पत्ता, नंबर दिला नाही. फोन मीच करायचे, ऑफिसातून. शेवटच्या भेटीत मी चपला घालत होते आणि ते वही घेऊन दारात आले. "नवा पत्ता सांग गं." जीपवाला हॉर्न वाजवत होता. "पुढच्या वेळी, मामा." ते रागावले नाहीत. वही मिटून म्हणाले, "बरं. सावकाश जा." जीप दोन मिनिटं थांबली असती. आमच्याकडच्या जीपा माणसं भरेपर्यंत थांबतातच. मला कंटाळा आला होता, एवढंच खरं. ते गेले त्या दिवशी मी घरात पडदे लावत होते.

दिवसकार्य झाल्यावर यमुनाबाईंनी वही माझ्या हातात दिली. माझं पान पहिलंच. त्यावर रेघ मारून खोडलेले दोन जुने पत्ते, नंतर कर्जतचा, तोही खोडलेला. त्याच्याखाली पेन्सिलीनं, त्या रेखीव कारकुनी अक्षरात: 'खालापूरकडे. येईल तेव्हा विचारणे.'

वही आता माझ्या टेबलावर असते. परवा मी शाईचं पेन घेतलं आणि माझा पत्ता लिहिला, पिनकोडसकट. शेजाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, ते बेल वाजवून विचारून आले. मग पेन्सिलीची ती ओळ पुसायला रबर उचललं... आणि ठेवून दिलं. त्यांनी तर विचारलं होतं.