पहिल्या बाकावरची रूथअक्का

रूथअक्का गेल्याचा फोन राजाजीनगरला आमच्या शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा मी मुलांचे डबे भरत होते. वर्षभर आजारी होती ती, बातमी येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. रडू आलं नाही... राग आला. आज महिना उलटला तरी तो उतरलेला नाही.

रूथ माझी मावसबहीण. माहेर आमचं नगरकडचं. आधी ती लग्न होऊन बंगळूरला आली, मागोमाग मी, आणि इथल्या रीतीनं तिला अक्का म्हणू लागले. दाजी रेल्वेत, घर येलहंक्याला. मार्था मोठी. धाकटा सुनील चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. आनंद झाला की टाळ्या पिटायचा, किंचाळायचा, आणि सगळ्यांत जास्त आनंद त्याला उपासनेत गीत सुरू झालं की व्हायचा. इथल्याच शिवाजीनगरच्या एका जुन्या चर्चमध्ये रविवारी दुपारी आम्हा मराठी लोकांची उपासना असे. दोन्ही मुलांना घेऊन अक्का उन्हातान्हात बस बदलत तिथे यायची. लोक वळून बघायचे. पाळकबाई, म्हणजे पाद्रींच्या पत्नी, गोड हसून म्हणायच्या, याला दाजींपाशी ठेवून येत जा ना, तुलाही शांतपणे प्रार्थना करता येईल. अक्का म्हणायची, शांतपणा मला घरीही मिळतो, मी याला घेऊन यायचं म्हणूनच येते.

एका रविवारी प्रार्थना चालू असताना सुनील छताजवळच्या कबुतरांकडे बघून खदखदून हसला. चर्चचा कारभार बघणारे थोरले पंच उठले, मी व्हरांड्यात बसतो याच्याबरोबर, असं अक्काच्या कानाशी सांगून त्याला दंडाला धरून घेऊन गेले. थोड्या वेळानं ते एकटेच परत आले आणि दार लावून आपल्या जागी बसले. अक्काचे डोळे मिटलेले होते. प्रार्थना संपल्यावर ती बाहेर गेली, तर व्हरांडा रिकामा... फाटक उघडं.

त्याला शोधायला आम्ही सगळे बाहेरच्या बाजारात पांगलो. शेवटी बसस्टँडवर सापडला, दोन बसगाड्यांच्या मधे, एका कंडक्टरनं त्याचा सदरा मुठीत धरून ठेवला होता. तो माणूस अक्कावर कन्नडमधून संतापून ओरडला, की एवढं पोर रस्त्यावर सोडून कुठे गेली होतीस! तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. ‘सरी अण्णा, सरी,’ बरोबर आहे दादा, एवढंच म्हणाली. मग सुनीलला कडेवर घेऊन ती तडक चर्चमध्ये परतली. लोक अजून अंगणात चहा पीत होते. थोरले पंच म्हणाले, देवाच्या घरात शिस्त हवी, पोर आवरत नसेल तर आणू नये.

अक्काचा आवाज चढला नाही. ‘प्रार्थना करायला तुम्ही माझ्या मुलाला रस्त्यावर टाकलंत. कुणाची प्रार्थना करत होता?’

माफी थोरल्या पंचांनी मागितलीच नाही, शेवटपर्यंत. पुढच्या रविवारी अक्का लवकर आली आणि मुलांना घेऊन पहिल्या बाकावर बसली. तो बाक पंचांचा. तिच्याशेजारी कुणी बसेना, म्हणून मी माझी दोन्ही पोरं घेऊन बसले. पाठीमागची कुजबुज मला ऐकू येत होती, तिलाही येत असणार. ती मोठ्यानं गायली. त्यानंतर अंथरुणाला खिळेपर्यंत तिची ती जागा सुटली नाही.

आणि दफनाच्या दिवशी हेच पंच उठून सांगत होते, की आमच्या या भगिनीनं आपली लेकरं चर्चच्या मांडीवर वाढवली! मांडीवर... समोर अक्काची शवपेटी होती म्हणून मी गप्प राहिले. मग गीत सुरू झालं, सुनीलनं टाळी वाजवली, आणि त्यांनी त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. तेव्हा मात्र मी म्हणाले, ‘आज तरी त्याच्या आईसमोर नको.’ बोट खाली गेलं.

गेल्या रविवारी मी येलहंक्याला गेले. दाजी म्हणाले, आता कशाला न्यायचं त्याला, भांडायला ती थोडीच आहे. तोवर मार्थानं सुनीलला तेल लावून भांग पाडून ठेवला होता. चप्पल घालत म्हणाली, ‘मावशी, लवकर निघू या. आई लवकर निघायची.’

आम्ही पोहोचलो तेव्हा चर्चमध्ये कुणीच नव्हतं. मार्था सरळ चालत पुढे गेली आणि भावाला पहिल्या बाकावर बसवून त्याच्या शेजारी बसली.