ब्लाउजच्या घडीतली चिठ्ठी

मागचे हूक पुढे घ्यायला सांगणाऱ्या बायका साधारण पन्नाशीच्या असतात. खांदा आखडतो, हात पाठीमागे जात नाही. ही सव्वीस-सत्तावीसची होती. लग्न होऊन साताऱ्याहून म्हैसूरला आलेली, विजयनगरातल्या माझ्या शिवणाच्या दुकानापासून दोन रस्ते पलीकडे अपार्टमेंटमध्ये राहणारी. पाच ब्लाउज घेऊन आली होती, पाचही बदलायला.

पडद्यामागे माप घेताना मी विचारलं, "खांद्याला काय झालं गं?"

"दार लागलं, काकू."

"दोन्ही खांद्यांना?"

ती हसली आणि लगेच तिने पडद्याकडे बघितलं. पलीकडे स्टुलावर नवरा बसला होता. मी पुढचं माप घेतलं.

त्या महिन्यात एका महिला संस्थेच्या बाईंनी माझ्याकडे चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला होता. घरात मारहाण होत असेल तर कुठे फोन करायचा, ते कन्नडमध्ये छापलेलं. मी प्रत्येक पार्सलात एक टाकत होते. हिला कन्नड वाचता येत नव्हतं, म्हणून मी मराठीत हाताने लिहिली. आम्ही चार पिढ्या म्हैसूरचे, माझं मराठी लिहिणं वाणसामानाच्या यादीपलीकडे जात नाही. तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं, 'हा नंबर बायकांसाठी आहे. तिथे मराठी कळलं नाही तर दुकानात ये, मी बोलते. दाराने खांदा असा होत नाही.'

शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती.

पार्सल न्यायला तिचा नवरा आला. मी देऊन टाकलं. चिठ्ठी तिसऱ्या ब्लाउजच्या घडीत होती, आणि तीस वर्षांत एकाही पुरुषाला ब्लाउजची घडी उलगडताना मी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती माझ्या मशीनवर आणून ठेवली. "काकू, अक्षर छान आहे तुमचं," तो म्हणाला. आवाज अगदी सौम्य. "आता ती शिवायला टाकणार नाही कुठे. रेडिमेडच घेऊ."

तो गेल्यावर मी संस्थेच्या बाईंना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तिच्या घरी पार्सल कोण उघडतं, विचारलं होतंत?"

"नाही."

"तिचा स्वतःचा फोन आहे?"

ऑर्डरच्या वहीत तिच्या नावापुढे नवऱ्याचा नंबर होता. ते मला तेव्हा दिसलं.

"तुम्ही तिकडे जाऊ नका. आम्ही बघतो," बाई म्हणाल्या.

मी गेले. दुपारी, तो ऑफिसात असेल अशा वेळी. वॉचमनने इंटरकॉम लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"काकू, तुम्ही कशाला आलात?"

"दोन मिनिटं खाली ये. तो ऑफिसला गेलाय ना?"

"नाही. आता घरूनच काम करणार आहेत." मग मोठ्याने, माझ्यासाठी नव्हे, "नाही हो, शिवायचं काही नाही."

फोन बंद झाला.

दोन दिवसांनी संस्थेच्या बाई एका पोलीसबाईंना घेऊन तिच्या घरी गेल्या. दार तिनेच उघडलं. तो मागे उभा होता. सगळं ठीक आहे म्हणाली, कॉफी घेऊन जा म्हणाली. बाईंनी तिला बाजूला बोलवायचा प्रयत्न केला, ती जागची हलली नाही.

"बऱ्याच जणी आधी नाहीच म्हणतात," बाईंनी मला सांगितलं. "नंतर एक दिवस येतात, बाहेर पडता आलं की."

"आणि नाही पडता आलं तर?"

 

आता मी पार्सलात काही टाकत नाही. गिऱ्हाईक एकटी आली असेल तर तोंडाने सांगते, त्याआधी बाहेर कोण बसलंय ते बघते. दोघींनी तोंड उघडलं, एक माहेरी गेलीही. पण या शहाणपणाचा त्या साताऱ्याच्या मुलीला काही उपयोग नाही. त्याची किंमत तिने मोजली.

रोज भाजीला जाताना त्या गेटवरून जाते. ती दिसली का, हे मी विचारायच्या आधीच वॉचमन नकारार्थी मान हलवतो, "इल्ला, अम्मा." काल त्याने स्वतःहून सांगितलं, हल्ली कचरासुद्धा साहेबच खाली आणतात. मॅडम तीन आठवड्यांत लिफ्टपाशी दिसल्या नाहीत.

मी फुटपाथवरूनच बाईंना फोन लावला.

"काही नवीन घडलंय का?" त्यांनी विचारलं.

"काहीच घडत नाहीये," मी म्हटलं. "म्हणूनच फोन केलाय. आज पुन्हा जा."