बाबा एसटीने, आम्ही नव्या गाडीने

जव्हार-मोखाड्याला आम्ही तिघं मिळून गेलो, पण एका गाडीतून गेलो नाही. आई आणि मी नव्या कोऱ्या कारमध्ये, आणि आमच्या पुढे धूर सोडत चाललेल्या एसटीत मागच्या खिडकीशी बाबा. मध्येच ते मागे वळून बघायचे. मी हात केला की लगेच मान फिरवायचे. आई म्हणाली, "हॉर्न वाजव, म्हणजे अजून चिडतील." मी वाजवला.

आता हा रुसवा कशाचा ते सांगते. बाबांची सगळी नोकरी एका गाड्यांच्या कारखान्यात गेली. (नाव लिहीत नाही, खाली कमेंटमध्ये भांडणं होतात.) आधी ते असेंब्ली लाइनवर होते, मग चाचणी विभागात. नवीन मॉडेल बाजारात यायच्या आधी ते घाटात नेऊन दमवायचं, आणि त्यासाठी त्यांचे घाट ठरलेले होते, जव्हार आणि मोखाड्याचे. बाबा दोन-चार दिवसांनी घरी यायचे ते कानापर्यंत लाल धूळ घेऊन. उन्हाळ्यात पिशवीत करवंदं असायची. त्यामुळे दाभोसा, खोडाळा, सूर्यमाळ ही नावं मला शाळेच्या नकाशाआधी बाबांच्या तोंडून पाठ झाली. रस्त्याने त्यांच्या कारखान्याची गाडी गेली की ते थांबून बघायचे, अगदी लग्नाच्या वरातीतसुद्धा.

म्हणून यंदा गाडी घ्यायची ठरल्यावर मी दुसऱ्या कंपनीच्या दारातही गेले नाही. खरं तर मला दुसरी एक आवडली होती, पण ही बाबांसाठी होती. त्यांचे गुडघे धरतात, रोज रिक्षात चढ-उतर करायला त्रास होतो. शोरूममध्ये हार, नारळ, चाकाखाली लिंबं, सगळं तयार होतं. बाबांनी हार हातात घेतला आणि कारखान्यातल्या माणसाच्या सवयीने आधी ड्रायव्हरचं दार उघडून दाराच्या खांबावरची, गाडी कुठं बनली ते लिहिलेली पत्र्याची पट्टी वाचली. ही पट्टी वाचल्याशिवाय ते कुणाच्याच गाडीला हात लावत नाहीत. नाव आपल्या कंपनीचं, पण गाडी बनली होती परदेशात. विक्रीवाला उत्साहाने म्हणाला, "हो काका, हे मॉडेल पूर्ण तिकडच्या प्लांटमधून येतं. फिनिशिंग बघा!" बाबांनी हार त्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. ज्या वर्षी बाबांच्या कारखान्यातली लाइन बंद झाली, त्याच सुमारास तीच लाइन तिकडे सुरू झाली होती.

त्या दिवसापासून ते गाडीत बसले नाहीत. मी समजावलं, चिडले, एकदा रडलेसुद्धा. शेवटी म्हटलं, तुमचे घाट बघायला तरी चला. म्हणाले, "येतो. एसटीने." पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे आमच्याकडे वाद घालायला मुद्दाच उरला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. ठाण्याहून भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हार गाठता येतं. वाड्यापर्यंत खड्डे आहेत, सकाळी लवकर निघा. पेट्रोल जव्हारला भरून घ्या, पुढे भरवसा नाही. आम्ही गेलो दिवाळी उलटून बराच काळ झाल्यावर. भात कापून झालेलं, डोंगर पिवळे पडलेले, हवा मात्र सुरेख.

जव्हारला स्टँडसमोरच्या खाणावळीत नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी जेवलो. दाभोशाला जायला बाबांनी काळी-पिवळी जीप शोधली आणि त्यांचा चेहराच बदलला. जीप त्यांच्या कारखान्याची होती, जुनी, दार दोरीने बांधलेलं. मी कार लॉजवर ठेवली आणि आम्ही तिघांनीही स्वतःला जीपमध्ये कोंबून घेतलं. काशिनाथ नावाचा ड्रायव्हर होता. बाबा त्याच्या शेजारी बसून गियरच्या दांड्याकडे असे बघत होते की जणू शाळेतला मित्र भेटलाय.

मी मागून विचारलं, "काशिनाथभाऊ, गाडी घेताना ती कुठं बनली ते बघता का हो तुम्ही?"

"पार्ट जव्हारला भेटतो का ते बघतो, ताई," तो म्हणाला. "नाय भेटला तं गाडी कुठली का असंना, आंब्याखाली उभी राहाते."

मागच्या बाकावरच्या एका बाईंनी भर घातली, "आन् बसाया जागा पायजे." सगळी जीप हसली. बाबाही हसले, पण जरा उशिरा. गिऱ्हाइकाला काय हवं असतं ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ऐकायला आवडलं नाही इतकंच.

दाभोशाचा धबधबा या दिवसांत बारीक असतो, पण खाली डोहाचं पाणी स्वच्छ आणि गार. बाबांना गुडघ्यांमुळे खाली उतरता आलं नाही. ते वर कठड्याशी बसून आईला सांगत होते की इथल्याच एका वळणावर एका नव्या गाडीचा ब्रेक तापला आणि सगळ्यांनी ओंजळीने पाणी आणून चाक गार केलं. "मग आम्ही ब्रेक बदलायला लावला. नाही तर तशीच गेली असती लोकांच्या घरी." आईने ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल. तरी तिने विचारलं, "मग साहेब काय म्हणाले?"

दुसऱ्या दिवशी मोखाडामार्गे खोडाळा. बाबा अर्थातच एसटीने. तिथून त्यांना सूर्यमाळची जीप मिळाली, आम्ही कार घेऊन मागे मागे. हा रस्ता चुकवू नका. जंगल, मध्येच उघडा माळ, आणि लांबवर पाड्यांची तुरळक घरं. माळावर पोचलो, चहाच्या टपरीवर बसलो, बाबांनी डोंगरांची नावं सांगितली. परतायला निघालो तर बाबांसाठी जीपच नव्हती.

टपरीशेजारच्या ओट्यावर मंगळीबाई नावाच्या एक बाई बोचकं बांधून बसल्या होत्या. त्यांनाही खोडाळ्याला जायचं होतं. त्या म्हणाल्या, "आता नाय यायची जीप. मानसा कुठं हायेत पाड्यात? समदी जगाय गेली."

आईला कळलं नाही. मंगळीबाईंनी सांगितलं ते असं. दिवाळी झाली, भात घरात आलं, की पाडे रिकामे होतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी भिवंडीकडे, कुणी बांधकामावर. याला इकडे जगायला जाणं म्हणतात. त्यांचा मुलगा आणि सून दोघं गेली होती. सवारी नाही म्हणून जीपवालेही दिवसाकाठी एखादीच फेरी मारतात.

बाबा म्हणाले, "आमची कंपनीपण जगायला गेली, बाई. परदेशात."

"जाया लागतं," मंगळीबाई म्हणाल्या. "हितं काय हाय?"

"हो, पण मागे माणसं राहतात ना."

"राहतात तं. मी हायच की." त्या बोचक्याची गाठ आवळत म्हणाल्या, "पन शिमग्याला येतो पोऱ्या. कुठं का असंना, शिमग्याला घरी येतोच."

"आमची नाही आली," बाबा म्हणाले. आवाज असा फुटला की टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला एवढे महिने वाटत होतं की बाबांना परदेशाचा राग आहे, स्वदेशीचं काहीतरी जुनं खूळ आहे. तसं काहीच नव्हतं. त्यांच्या लेखी घरच्याच माणसाने, कंपनीने, घर सोडलं होतं आणि मागे वळून विचारपूस केली नव्हती, आणि त्याच्याच नावाची गाडी मी हौसेने दारात आणली होती. मला फार वाईट वाटलं.

मंगळीबाईंना या सगळ्याला वेळ नव्हता. त्यांनी बोचकं उचललं, आमच्या गाडीचं मागचं दार ओढलं आणि आत बसल्या. "चला, बाबा. उन्हं कलली."

त्या अशा बोलावत असताना कोण नाही म्हणेल? बाबा त्यांच्या शेजारी बसले. मी आरशात न बघता गाडी सुरू केली. मंगळीबाईंनी एसी बंद करायला लावला, काचा खाली करायला लावल्या. उतारावर बाबांचा आवाज आला, "दुसरा गियर टाक." टाकला. बरंच अंतर गेल्यावर ते आईला म्हणाले, "पोरांनी मन लावून केलीय गं. दार कसं बसलंय बघ. तिकडेही कुणाची तरी पोरंच असतील लाइनवर."

मंगळीबाई खोडाळ्याला उतरल्या. बाबा उतरले नाहीत. विहिगाव, कसारा करत आम्ही महामार्गाला लागलो, ही परतीची वाट सोपी आणि रस्ता बरा आहे. शहापूरला वडापाव खाल्ला. बाबा पुढे येऊन बसले आणि ठाण्यापर्यंत मला ओव्हरटेक कसं करू नये ते शिकवत राहिले.

त्या प्रवासानंतर बाबा गाडीत बसतात, बँकेत, डॉक्टरकडे, भाजीलासुद्धा. गाडी कुठं बनली याने गिऱ्हाइकाला फरक पडतो का, असं मला कुणी विचारलं तर माझ्यापुरतं उत्तर आहे, नाही पडत. मायलेज चांगलं आहे, दोन तास चालवून पाठ दुखत नाही. पण ज्याने आयुष्यभर त्या गाड्या बनवल्या, तोही याच घरात राहतो, आणि त्याला फरक पडतो. परवा पार्किंगमध्ये शेजारच्या काकांनी बोनेटवर थाप मारून विचारलं, "काय हो, शेवटी आपल्याच कंपनीची घेतलीत ना?" बाबा दार लावत होते.

"नाव कंपनीचंच आहे," ते म्हणाले. "आपली आहे ती गाडी घेणारी मुलगी."