सुभेदाराकडे पाठ

माझी शेवटची पोस्टिंग अर्धापूर, स्वतःच्याच घरी. हुकूम बायकोनं काढला, तोही तोंडी. शोभा भाच्याच्या लग्नाला माहेरी, हिमायतनगरला निघाली होती. दारात उभं राहून तिनं म्हाताऱ्या कुत्र्याचा चार्ज माझ्याकडे दिला आणि जाताना कुत्र्यालाच सांगितलं, "यांना सांभाळ रं."

मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो. त्याच वर्षी लेकीनं रस्त्यावरून एक तांबडं पिल्लू उचलून आणलं आणि त्याचं नाव सुभेदार ठेवलं. म्हणाली, "बाबा, घरात तुमच्या वरचा रँक पाहिजे. नाहीतर तुम्ही आमचीच परेड घेता." लेक लग्न होऊन लातूरला गेली. घरातला माझा नंबर तरी सुधारला नाही.

सुभेदार आता म्हातारा झाला होता. मागचे पाय गेले होते. फरशीवर उठायला गेला की दोन्हीकडे फाकायचे, आणि तो बसकण मारून आमच्याकडे असा बघायचा, जणू फरशीच चुकली. म्हणून त्याच्या जागेपासून दारापर्यंत मी पोती अंथरली. पोत्यात नखं रुतायची, चालायला जमायचं. दारापुढं जुना टॉवेल. तो पोटाखालून, मागच्या मांड्यांच्या पुढं घ्यायचा, दोन्ही टोकं वर धरायची आणि त्याच्या चालीनं चालायचं. माझा एक गुडघा फौजेतच गेलेला. म्हणजे आमच्या दोघांच्या मिळून सहा पायांत धड तीनच.

झोपेत त्याची लघवी गळायची. अंगाखाली प्लॅस्टिक, वर शोभाचं जुनं लुगडं. ती रोज सकाळी धुऊन वाळत घालायची. शेजारीण विचारायची, "काय वो वैनी, घरात पाळणा हलला का काय?" शोभा म्हणायची, "हाव, मिशीवालं बाळ हाय."

चार्ज घेतल्यावर पहिल्या सकाळी लुगडं कोरडं. मी खूश. शोभाला फोनवर रिपोर्ट दिला, "ऑल ओके. बंदोबस्त कडक. एक थेंब नाही."

"आन् बाहेर?"

"बाहेर पण नाही."

"अवो, मग ओके कशाचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला घेऊन घरामागच्या केळीत गेलो. हीच त्याची जागा. टॉवेल धरला आणि वाकून त्याच्या तोंडाकडे बघत म्हणालो, "सुरू कर." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. दोघंही मागं हटलो नाही. थोड्या वेळानं तो खाली बसला.

दुपारी पोट हाताला घट्ट लागलं. पाण्याचं भांडं पुढं केलं तर तोंड फिरवलं. नांदेडच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आणखी तासभर बघा. नाही झाली तर लगेच घेऊन या. नळी घालावी लागेल, भूल द्यावी लागेल. या वयात भुलीतून उठेलच असं मी सांगत नाही."

मी बरंच काही ऐकलेला माणूस आहे. पण फोन ठेवल्यावर टॉवेल कुठं ठेवला ते आठवेना. तो माझ्याच खांद्यावर होता.

शेजाऱ्याला जीप काढून ठेवायला सांगितलं आणि पुन्हा केळीत गेलो. हुकूम दिला. विनंती केली. शीळ घातली. काही नाही. तेवढ्यात शोभाचा फोन आला.

"काय करून राहिलात?"

"ड्यूटी. ओव्हर."

"ओव्हर-बिव्हर ऱ्हाऊ द्या. उभे कसे हायेत ते सांगा."

"टॉवेल धरून. नजर त्याच्यावर."

"असं डोळे वटारून उभं ऱ्हायल्यावर माझ्या बापालाबी होणार न्हाई."

मला बळीराम आठवला.

नायक बळीराम, रेणापूरचा. बर्फातल्या पोस्टवर पेट्रोलिंगला असताना घसरला, पाठीचा कणा गेला. आम्ही चौघांनी त्याला ब्लँकेटमध्ये घालून खाली आणला. हॉस्पिटलात त्याच्याजवळ मी थांबलो. बाटली मी धरायचो. त्याला होत नव्हती. मी म्हणायचो, "कर की, आपल्यात कसली लाज?" माझा हा जोडीदार कधी चिडला नव्हता. त्या दिवशी चिडला. "तू बघून राहिला म्हणून व्हत न्हाई. भिंतीकडं तोंड कर रे." मी भिंतीकडे तोंड केलं. मग झाली. दोन दिवसांनी तो गेला. त्याच्यासाठी मी केलेलं शेवटचं काम तेच.

मी फोन तसाच खिशात टाकला, हात मागं घेतले, टॉवेल तसाच वर धरला आणि सुभेदाराकडे पाठ केली. केळीच्या घडांना निळ्या पिशव्या घातल्या होत्या. त्या बघत राहिलो. गुडघा ओरडत होता. हललो नाही.

मग वाळल्या पाल्यावर आवाज आला. आधी थांबत थांबत, मग धार. माझी डावी चप्पल भिजली. तरी वळलो नाही. त्याचं पूर्ण झाल्यावर त्यानंच माझ्या पोटरीला नाक लावलं.

फोन चालूच होता. "शोभा, झाली."

"रडून राहिलात काय?"

"निगेटिव्ह."

"खोटं," ती म्हणाली.

जीप काढलेलीच होती, म्हणून डॉक्टरांना दाखवून आणलं. इन्फेक्शन होतं. गोळ्या दिल्या, भूल लागली नाही. पुढचा सगळा हिवाळा टॉवेल मी धरला आणि तोंड केळीकडे ठेवलं. शोभा म्हणायची, इतकी इज्जत तिलासुद्धा कधी मिळाली नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा सुभेदार गेला. पोत्यांच्या रस्त्यावर, अर्ध्यात, डोकं माझ्या पायावर ठेवून. टॉवेलात गुंडाळून त्याला केळीच्या बांधाला पुरला. लेक लातूरहून आली होती. तिनं मला सॅल्यूट करायला सांगितलं. मी केला. रँक वरचा होता.

आता संध्याकाळी पाणी द्यायला गेलो की बांधापाशी थोडा थांबतो. परवा शोभा मागून आली.

"त्याच्यापाशी येता, आन् तोंड तिकडं करून का उभे ऱ्हाता?"

"सवय," मी म्हणालो.

माझ्या शेजारी येऊन तिनंही तोंड केळीकडे केलं. पाणी सऱ्या भरत पुढं जात होतं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. सुभेदारासाठी, आणि रेणापूरच्या बळीरामासाठी.